ब्रेडाचा वेढा : सहा ताम्रपटांवरील एक तटबंद नगर



ज्या वर्षी आपल्या मुलखात अहमदनगरजवळ भातवडीची लढाई होऊन मलिक अंबराने मोगल आणि आदिलशाही फौजांचा मोड केला, त्याच १६२४ साली युरोपच्या वायव्य भागातील सखल आणि पाणथळ प्रदेशात ब्रेडा नावाच्या एका तटबंद नगराला स्पॅनिश लष्कराचा वेढा पडला; आणि पुढील वर्षी तो वेढा फळाला येऊन नगर हस्तगत झाल्यावर, सुमारे तीन वर्षांत, त्या साऱ्या प्रकरणाचे एक विलक्षण चित्र तांब्याच्या सहा पत्र्यांवर रेखले जाऊन कागदावर उमटले. लोरेनच्या डची राज्यातील नान्सी या राजधानीत १५९२ मध्ये जन्मलेला झाक कालो हा त्या चित्राचा कर्ता होय. आजच्या व्याख्यानाचा विषय हे एकच चित्र आहे. एका चित्रासाठी संपूर्ण व्याख्यान खर्ची घालणे कित्येकांना प्रमाणाबाहेरचे वाटण्याचा संभव आहे. परंतु तटबंद नगरांची जी अतिशय निगुतीने काढलेली, मोजमापांनी शुद्ध अशी चित्रे इतिहासाने आपल्या हाती ठेवली आहेत, त्यांतील पुष्कळशी त्या नगरांना जिंकावयास आलेल्या लोकांच्या गरजेतून जन्माला आली, आणि म्हणून उंचावरून दिसणारे नगर पाहताना ती उंची कोणाची आहे हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे, असे जे माझे मत बनले आहे, ते या एका चित्राच्या आधारे जितके स्पष्ट मांडता येईल तितके दहा चित्रांच्या ओझरत्या उल्लेखांनी मांडता येणार नाही.

प्रथम चित्राचे स्वरूप पाहू. सहा पत्र्यांवरून छापलेले सहा कागद एकमेकांस जोडले म्हणजे सुमारे चार फूट उंचीचा आणि साडेचार फुटांच्या आसपास रुंदीचा एक विस्तीर्ण पट तयार होतो. तो हातात धरून पाहावयाचा नाही, भिंतीवर लावून त्याच्यासमोर उभे राहावयाचे. पटाच्या तळाशी, पाहणाऱ्याच्या अगदी पायाशी, भूमी किंचित उंचावलेली आहे आणि तिच्यावर घोडेस्वार, पायदळाचे शिपाई, सामानाचे गाडे आणि छावणीत वावरणारी नाना प्रकारची माणसे ठळक रेषांत उभी आहेत. या माणसांच्या डोक्यांवरून नजर पुढे गेली की भूमी एकाएकी पाहणाऱ्याकडे कलू लागते. शेते, बांध, ओढे, रस्ते, खेडी, छावण्यांचे चौकोन आणि मोर्चांच्या रांगा या गोष्टी समोरून दिसेनाशा होऊन वरून दिसू लागतात, आणि पटाच्या मध्यभागात आपण चित्र पाहात आहोत की नकाशा वाचीत आहोत याचा निश्चय होईनासा होतो. या मध्यभागात ब्रेडा आहे. कोनाकृती बुरुजांची माळ, तिच्याभोवती पाण्याने भरलेला रुंद खंदक, आत घरांची दाटी, आणि त्या दाटीतून वर निघालेला महामंदिराचा मनोरा, एवढे ते नगर; आणि त्याच्याभोवती, त्याच्या कित्येक पट विस्ताराचे, वेढा घालणाऱ्यांनी उभारलेले दुसरे जणू नगरच.

जे या पटाला ब्रेडा नगराचे चित्र म्हणतात, त्यांच्या दृष्टीतून ही गोष्ट कशी निसटते याचे मला नवल वाटते. नगराने या पटाची फार थोडी जागा व्यापली आहे. उरलेली सारी जागा वेढ्याने व्यापली आहे, आणि त्यात आश्चर्य नाही, कारण ज्या इन्फांता इसाबेला क्लारा युजेनिया हिच्या हुकुमावरून हे चित्र तयार झाले ती स्पेनच्या दुसऱ्या फिलिपची कन्या आणि दक्षिण नेदरलँड्सची शासक होती, आणि तिला जे जगाला दाखवावयाचे होते ते नगर नव्हते. आपल्या सेनापतीने नगराभोवती काय उभारले ते दाखवावयाचे होते. पटावर काळही एक नाही. वेढ्याचे दीर्घ महिने, शेवटची शरणागती, आणि विजयानंतर इसाबेलाने केलेले आगमन, हे सारे प्रसंग एकाच भूमीवर एकाच वेळी मांडलेले आहेत. आणि आपल्या मंदिरांच्या भिंतींवरील कथापटांत एकच राजा तीन ठिकाणी दिसला तरी ज्याला खटकत नाही अशा प्रेक्षकाला ही रीत समजावून सांगण्याची गरज नाही.

आता उंचीच्या प्रश्नाकडे वळतो. ब्रेडा ज्या प्रदेशात आहे त्या प्रदेशात डोंगर नाही. मार्क आणि आ या नद्यांच्या संगमावर वसलेल्या या नगराच्या आसमंतात कालव्याच्या बांधाखेरीज चढण म्हणून नाही, आणि ज्या टेकडीवरून कालोचा पट पाहिला जातो तशी टेकडी तेथे कोणालाही चढावयास मिळाली नसती. माणसाला फुग्यात बसून आकाशात जाणे १७८३ पर्यंत साधले नव्हते. तेव्हा ही जी नजर आहे ती कोणत्याही माणसाच्या डोळ्याची नजर नाही; ती साखळीने मोजलेल्या अंतरांची, होकायंत्राने घेतलेल्या दिशांची, आणि स्पॅनिश सेवेतील जोव्हान्नी फ्रांचेस्को कांतागाल्लिना या इटालियन स्थापत्यविशारदाने केलेल्या आरेखनाची नजर आहे. अनेक माणसांनी चिखलातून चालून, पावले आणि साखळ्या मोजून, जी माहिती गोळा केली तिची बेरीज करून कालोने एक असे स्थान निर्माण केले की जेथे कोणीच उभे नव्हते. त्या सपाट मुलखात खरोखर उंचावरून पाहण्याची सोय एकाच जागी होती, आणि ती वेढलेल्या नगराच्या आत होती. महामंदिराचा मनोरा कोसांवरून दिसत असे, आणि त्या मनोऱ्यावर चढलेल्या पहारेकऱ्याला शत्रूच्या छावण्या, त्याचे मोर्चे, त्याच्या रसदीचे गाडे आणि जिची वाट पाहिली जात होती ती मदतीची फौज किंवा तिचा अभाव, हे सर्व प्रत्यक्ष दिसत असे. ज्याला खरी उंची होती त्याने चित्र काढले नाही, आणि ज्यांच्यापाशी उंची नव्हती त्यांनी गणिताच्या बळावर ती निर्माण करून तिच्यावरून विजयाचे चित्र रेखले. या एका गोष्टीकडे मला आपले लक्ष वेधावयाचे आहे.

गणिताचा उल्लेख झालाच आहे, म्हणून ब्रेडाविषयी आणखी एक गोष्ट येथे सांगून टाकतो. स्पेन आणि डच संयुक्त प्रांत यांच्यामधील बारा वर्षांच्या तहाच्या काळात, १६१८ मध्ये, डचांचा सेनापती, ऑरेंजचा राजपुत्र मॉरिस, याच्या सैन्यात स्वेच्छेने दाखल झालेला एक तरुण फ्रेंच गृहस्थ ब्रेडामध्ये राहात होता, आणि नोव्हेंबर महिन्यात त्याच नगरात आयझाक बेकमन या विद्वानाशी त्याची गाठ पडून त्याच्या बुद्धीला गणिताचे आणि निसर्गविज्ञानाचे वळण लागले. तो गृहस्थ म्हणजे रने देकार्त. ज्या नगराच्या तटाचे कोन आणि ज्याच्या वेढ्याच्या रेषा भूमितीने ठरविलेल्या होत्या, त्या नगरात देकार्तच्या भूमितीला चालना मिळावी, हा योगायोग असला तरी त्या काळचा लष्करी व्यवसाय आणि त्या काळचे गणित यांचा किती निकटचा संबंध होता हे त्यावरून ध्यानात येते.

वेढ्याची हकिकत थोडक्यात अशी. ब्रेडा हे नासाऊ घराण्याचे वतनी नगर. स्पेनच्या अंमलाखाली गेलेले हे नगर १५९० मध्ये डचांनी परत मिळविले होते, तेही एका युक्तीने : जळणासाठी वापरावयाच्या पीटच्या ढेपा वाहून नेणाऱ्या एका नौकेच्या पोटात सुमारे सत्तर शिपाई लपवून ती नौका किल्ल्याच्या आत नेण्यात आली, आणि रात्री ते शिपाई बाहेर पडून त्यांनी किल्ला घेतला. ती नौका पुढे नगराने विजयचिन्ह म्हणून जपून ठेवली. तेव्हापासून स्पॅनिश बाजूला ब्रेडाचे शल्य होते. तहाची मुदत १६२१ मध्ये संपली, युद्ध पुन्हा पेटले, आणि १६२४ च्या ऑगस्टमध्ये अंब्रोजो स्पिनोला ब्रेडापुढे येऊन ठाकला. स्पिनोला जिनोआच्या एका गडगंज घराण्यातील पुरुष. त्याने स्वतःची संपत्ती लावून फौज उभारली होती आणि ऑस्टेंडचा प्रदीर्घ वेढा १६०४ मध्ये यशस्वी करून सेनापती म्हणून कीर्ती मिळविली होती. नगरात डच बंडाचा नेता विल्यम द सायलेंट याचा अनौरस पुत्र, नासाऊचा जस्टिन, सुमारे सात हजारांच्या शिबंदीनिशी होता, आणि तट इतका मजबूत होता की सुलतानढवा करून तो घेण्याचा विचार स्पिनोलाने केलाच नाही. त्याने उपासमारीचा मार्ग पत्करला.

हा मार्ग बाहेरून दिसतो तितका सोपा नव्हे. नगराची रसद तोडावयाची म्हणजे नगराभोवती खंदक, बांध आणि दमदमे यांची एक साखळी आत वळलेली, आणि सोडवणुकीस येणाऱ्या फौजेला थोपविण्यासाठी दुसरी साखळी बाहेर वळलेली, अशी दुहेरी रचना करावी लागते, आणि त्या दोन साखळ्यांच्या मधल्या पट्ट्यात स्वतःचे संपूर्ण लष्कर, त्याचे घोडे, त्याचे बाजारबुणगे, त्याची दाणावैरण आणि त्याची दुखणी घेऊन हिवाळा काढावा लागतो. डचांनी नदीचे पाणी अडवून ते शत्रूच्या छावण्यांवर चढविण्याचा प्रयत्न केला. स्पिनोलाच्या माणसांनी पाण्याला पाण्याने आणि बांधाने उत्तर दिले. भोवतालच्या खेड्यांतील धान्य केव्हाच संपले होते, त्यामुळे वेढा घालणाऱ्यांनाही अन्नासाठी लांबलांबच्या गाड्यांच्या तांड्यांवर अवलंबून राहावे लागले, आणि उपासमारीचा तो पट्टा नगराच्या तटाशी थांबला नाही. या काळात एप्रिल १६२५ मध्ये राजपुत्र मॉरिस मृत्यू पावला. त्याचा धाकटा भाऊ फ्रेडरिक हेन्री याच्याकडे सूत्रे आली. मदतीच्या फौजेने वेढ्याची फळी फोडण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. ५ जून १६२५ रोजी जस्टिनने नगर स्वाधीन केले. तहाच्या कलमांनुसार शिबंदीला निशाणे आणि नगाऱ्यांसह, हत्यारांसह, सन्मानाने बाहेर पडण्याची मुभा मिळाली. बाहेर पडले ते सुमारे साडेतीन हजार. जेत्यांनी ती जपून ठेवलेली नौका जाळून टाकली.

स्पिनोलाचा धर्मगुरू हेर्मान ह्युगो याने या वेढ्याचा लॅटिन वृत्तांत लिहिला आणि तो १६२६ मध्ये अँटवर्पच्या प्लांटिन छापखान्यातून प्रसिद्ध झाला. त्याच्या मुखपृष्ठाची योजना चित्रकार रूबेन्सने केली होती. माद्रिदमध्ये काल्देरोनने नाटक रचले. पुढे १६३४ व १६३५ या वर्षांत वेलाझ्केझने राजवाड्यातील दालनासाठी ब्रेडाच्या शरणागतीचे ते जगद्विख्यात तैलचित्र काढले, आणि त्यातील दूरच्या धूसर भूमीसाठी कालोच्या पटाचा त्याला उपयोग झाला असे अभ्यासक मानतात. एका नगराच्या पाडावाभोवती ग्रंथ, नाटक, तैलचित्र आणि अम्लरेखन यांचा एवढा संभार जमावा, यावरून त्या विजयाची स्पेनला किती निकड होती ते दिसते. विजय मात्र टिकला नाही. फ्रेडरिक हेन्रीने १६३७ मध्ये ब्रेडाला स्वतः वेढा घालून ते अडीच महिन्यांच्या सुमारास परत घेतले.

आता ज्या कलेने हे चित्र झाले त्या कलेकडे येतो, आणि येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण कालोच्या पटाचे मर्म त्याच्या विषयाइतकेच त्याच्या तेजाबात आहे. अम्लरेखनात तांब्याच्या पत्र्यावर तेजाबाला दाद न देणाऱ्या रोगणाचा पातळ थर देतात, त्या थरातून सुईने रेघा काढून तांबे उघडे करतात, आणि पत्रा तेजाबात ठेवतात. जेथे तांबे उघडे पडले असेल तेथे तेजाब ते खाते, रेघ खोल होते, आणि त्या खोल रेघेत भरलेली शाई दाबयंत्राखाली ओल्या कागदावर उतरते. कालोच्या पूर्वीचे कारागीर जे मऊ, मेणयुक्त रोगण वापरीत ते सुईखाली ढिसाळपणे सुटे आणि कुठेतरी तेजाब आत शिरून काम नासण्याची धास्ती राही. कालोने फ्लॉरेन्समध्ये, मेदिची दरबारच्या सेवेत असताना, तंतुवाद्ये घडविणारे कारागीर वापरीत तसले कठीण रोगण हाती धरले. त्याच्या जोडीला त्याने तिरप्या छेदाच्या टोकाची एक सुई वापरात आणली, जिला किंचित फिरवले की रेघ बारीक होई आणि दुसरीकडे फिरवले की फुगे, अशी की बुरीन या कोरणीने कोरलेल्या रेषेचा डौल तिला सहज यावा. झाक कालोच्या या रीतींचे सविस्तर वर्णन अब्राहम बॉस याने १६४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अम्लरेखनाच्या ग्रंथात आहे, आणि पुढच्या पिढ्यांचे कारागीर त्यावरूनच शिकले.

रोगण कठीण झाल्यामुळे दुसरी एक गोष्ट शक्य झाली आणि ब्रेडाच्या पटासाठी तीच अधिक महत्त्वाची आहे. पत्रा तेजाबात एकदाच ठेवून काम उरकण्याची सक्ती राहिली नाही. थोडा वेळ ठेवून तो बाहेर काढावा, ज्या रेघा फिक्या राहाव्यात असे वाटते त्यांवर रोगण चढवून त्या बंद कराव्यात, आणि पत्रा पुन्हा तेजाबात सोडावा. असे टप्प्याटप्प्याने केले की दूरच्या वस्तूंच्या रेघा थोडा काळ तेजाबात राहून कोमल उमटतात आणि जवळच्या माणसांच्या रेघा दीर्घ काळ राहून काळ्याभोर उमटतात. म्हणजे या कलेत अंतर हे काळाने मोजले जाते. तळाशी उभा असलेला घोडेस्वार ठळक आहे, कारण तेजाबाने त्याला अधिक काळ खाल्ले. नगर फिके आहे, कारण त्याला तेजाबातून लवकर बाहेर काढले गेले. शिवाय छापताना डावे ते उजवे होत असल्यामुळे हा सारा मुलूख, नद्यांच्या वळणांसह आणि बुरुजांच्या कोनांसह, पत्र्यावर उलटा रेखावा लागतो. मोजमापांच्या नकाशाच्या बाबतीत ही केवढी कठीण जबाबदारी आहे हे ज्याने कधी उलटे अक्षर लिहिण्याचा यत्न केला असेल त्याला कळेल. इम्प्रुनेटाच्या जत्रेच्या १६२० मधील चित्रात हजाराहून अधिक माणसे एका पत्र्यावर नांदविणाऱ्या या कारागिराने ब्रेडाच्या पटात सूक्ष्मतेची तीच शक्ती पणाला लावली आहे. नखाच्या टोकाएवढा शिपाई, पण त्याचा भाला, त्याच्या टोपीचा कल आणि त्याच्या उभे राहण्यातील कंटाळा ओळखू येतो.

पण नगरात कोणी दिसते काय? घरे दिसतात, छपरे दिसतात, मनोरा दिसतो. त्या छपरांखाली काय चालले होते ते सांगणारा एक ग्रंथ मात्र आपल्या हाती आहे, आणि तो कालोच्या पटाच्या अगोदर एकच वर्ष, १६२७ मध्ये, त्याच अँटवर्पमध्ये छापला गेला. त्याचा कर्ता फ्रेडरिक फान डेर माय हा वैद्य वेढ्याच्या काळात ब्रेडामध्येच होता, आणि नगरातील लोकांच्या रोगांचे वर्णन हा त्याच्या लॅटिन ग्रंथाचा विषय आहे. ताजी भाजी आणि फळे मिळेनाशी झाल्यावर हिरड्या सुजून रक्त वाहावे, अंगावर काळेनिळे डाग पडावेत, पायांचे स्नायू आखडून माणूस जागचा हलू नये, अशा स्कर्व्ही नामक व्याधीने शिबंदी आणि नागरिक दोघेही पिडले होते. तेव्हा ऑरेंजच्या राजपुत्राकडून धीराची पत्रे आली आणि त्यांच्यासोबत औषधाच्या लहानशा कुप्या आल्या. वैद्यांनी जाहीर केले की हे दुर्मीळ औषध फार मोलाने मिळविलेले असून त्याचे तीनचार थेंब गॅलनभर द्रवात टाकले तरी तो सर्व द्रव गुणकारी होतो. ते औषध केवळ नावाचे होते, हे खरे रहस्य सेनानायकांनाही सांगितले नव्हते. लोक झुंडीने आले. आणि जे महिनोन्‌महिने चालले नव्हते अशांपैकी पुष्कळजण उठून रस्त्यात हिंडू लागले. स्कर्व्हीवर मूलभूत ग्रंथ लिहिणाऱ्या जेम्स लिंडने १७५३ मध्ये ही हकिकत आपल्या ग्रंथात उतरवून घेतली, म्हणून ती वैद्यकाच्या इतिहासात जिवंत राहिली.

ही हकिकत मी केवळ चमत्कारिक म्हणून सांगितली नाही. एक वर्षाच्या अंतराने एकाच नगराविषयी दोन वृत्तान्त छापले जातात; एकात नगर वरून दिसते आणि त्याचा प्रत्येक बुरूज जागच्या जागी असतो; दुसऱ्यात नगर आतून दिसते आणि त्यात हिरड्या, पाय, थेंब आणि आशा असतात. दोन्ही खरे आहेत. पहिल्याचे मोजमाप दुसऱ्याला शक्य नव्हते, कारण तटाच्या आत कोंडलेल्या वैद्याला शत्रूची छावणी मोजता येत नव्हती; आणि दुसऱ्याची करुणा पहिल्याला शक्य नव्हती, कारण त्याची उंचीच मुळी बाहेरच्यांनी बांधलेली होती. ज्याला ब्रेडा समजून घ्यावयाचे आहे त्याने हे दोन्ही जवळजवळ ठेवले पाहिजेत.

आता एका सर्वसाधारण मताशी माझा विरोध आहे तो नोंदवितो. कालोच्या चरित्राची अशी एक मांडणी पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळते की, आधी तो राजेरजवाड्यांचा आश्रित होता, ब्रेडाचा पट त्याने काढला, तो पाहून फ्रान्सच्या तेराव्या लुईच्या दरबाराने ला रोशेलच्या आणि रे बेटाच्या वेढ्यांचे पट त्याच्याकडून करवून घेतले, आणि मग १६३३ मध्ये त्याच लुईने त्याच्या नान्सी नगराचाच पाडाव केल्यावर त्याचे डोळे उघडले व त्याने युद्धाच्या घोर आपत्तींची ती प्रख्यात चित्रमालिका काढली. आंद्रे फेलिबियँ या चरित्रकाराने सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे, नान्सीच्या विजयाचा पट काढण्याची राजाची आज्ञा कालोने मानली नाही आणि आपल्या राजाच्या व मातृभूमीच्या अपमानाचे चित्र काढण्यापेक्षा अंगठा तोडून टाकीन असे तो म्हणाला. ही हकिकत मनाला भावणारी आहे. परंतु तिच्यावरून जो निष्कर्ष काढला जातो, की ब्रेडाचा कालो निर्विकार आणि आपत्तींचा कालो करुणामय, तो मला पटत नाही. शीर्षकपत्र धरून अठरा लहान पत्र्यांची ती मालिका नीट पाहिली तर तीतही कालो जवळ जात नाही; तो थोडा उंच आणि थोडा दूर उभा राहतो, माणसे बोटभरच असतात, आणि लुटलेल्या घरात किंवा झाडाला लटकविलेल्या शिपायांच्या त्या भयंकर रांगेत चेहऱ्यांपेक्षा देहांची मांडणीच आपल्याशी बोलते. नजर तीच आहे. बदलला तो हुकूम. ब्रेडाच्या पटाच्या तळाशी गाड्यांच्या तांड्यांत आणि छावणीच्या गर्दीत ज्या माणसांना कालोने सर्वांत जास्त वेळ तेजाबात ठेवून सर्वांत काळ्या रेघा दिल्या, तीच माणसे पाच वर्षांनी आपत्तींच्या पत्र्यांवर एकटी उरली. इसाबेलाने त्याला वेढ्याचा नकाशा मागितला होता. त्याने नकाशा दिलाच, पण त्याच्या खालच्या काठावर वेढा ज्यांच्या अंगावरून जातो त्या माणसांनाही जागा करून दिली. मोठ्या कलावंताची सत्यनिष्ठा आज्ञा झुगारण्यातच असते असे नाही. आज्ञेने दिलेल्या कागदावर किती सत्य बसविता येईल याचा विचार करण्यातही ती असते, आणि माझ्या मते ब्रेडाचा पट त्या दृष्टीने नान्सीच्या नकारापेक्षा कमी मोलाचा नाही.

वेढेकऱ्याने काढलेली नगराची प्रतिमा हा प्रकार युरोपपुरता मर्यादित नाही, आणि त्याचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. मद्रास सैन्याने १८१७ ते १८१९ या वर्षांत घातलेल्या वेढ्यांची रोजनिशी एडवर्ड लेक या स्थापत्य विभागातील अधिकाऱ्याने १८२५ मध्ये लंडनहून प्रसिद्ध केली आणि तिच्यासोबत किल्ल्यांच्या नकाशांचा संग्रह जोडला. मोसम नदीच्या काठचा, नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेला मालेगावचा भुईकोट त्यात आहे. मे आणि जून १८१८ मध्ये त्या किल्ल्यातील अरब शिबंदीने ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेला बराच काळ दाद दिली नाही, आणि किल्ल्यातील दारूकोठाराचा स्फोट होऊन तटाचा मोठा भाग खंदकात कोसळल्यावर तो पडला. त्या भुईकोटाची पूर्वीची मोजमापशुद्ध आकृती आज पाहावयाची झाली तर आपणांस लेकच्याच नकाशाकडे वळावे लागते. बाहेरच्या मोर्च्यांतून, बंदुकीच्या टप्प्याचा हिशेब करून, ती आकृती तयार झाली.

म्हणून या व्यासपीठावरून आपल्याकडील दप्तरांचे चालक आणि तरुण अभ्यासक यांच्यापुढे मी एक विनंती ठेवतो. किल्ल्यांचे जे इंग्रजी नकाशे आपल्या संग्रहांत आहेत ते जेव्हा छापाल किंवा प्रदर्शनात मांडाल, तेव्हा त्या वेढ्याच्या काळातील किल्ल्याच्या आतून बाहेर गेलेला एखादा कागद, मग तो किल्लेदाराचा रसदीचा तगादा असो, धान्याच्या कोठीचा ताळेबंद असो, किंवा गावातील एखाद्या कुटुंबाची नुकसानीची अर्जी असो, शोधून त्या नकाशाच्या शेजारी लावा. असे कागद मोडी दप्तरांत पडून आहेत, आणि ते वाचू शकणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत. तेव्हा नकाशांच्या छपाईसाठी जो पैसा उभा राहील त्यातील वाटा प्रथम मोडीवाचकांच्या वेतनाला द्यावा.